पेलेटची वाटी भरलेली ठेवावी, मोजून द्यावी की उचलूनच ठेवावी?

कापशीची आई (जुळे सोलापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे कापशी नावाची सव्वादोन वर्षांची पांढरी मादी ससा आहे. लेकीच्या हट्टापायी एका दुकानातून ती आणली, तेव्हा दुकानदाराने पेलेटची (दाबून केलेल्या खाद्यगोळ्यांची) पिशवी हातात ठेवून सांगितले की यात सर्व काही आलेले असते, वाटी कधी रिकामी राहू देऊ नका आणि अधूनमधून गाजर द्या. आम्ही ते तंतोतंत पाळले. आज तिचे वजन २ किलो ८०० ग्रॅम आहे, हनुवटीखाली मोठी वळकटी आली आहे, आणि गेल्या दोन महिन्यांपासून सकाळी तिच्या मागच्या बाजूला मऊ, चिकट, उग्र वासाची लेंडी लागलेली दिसते. जंताचे औषध देऊन झाले, गाजर बंद करून झाले, फरक पडला नाही. गवत पुढे ठेवले तर ती त्यावर बसते, खात नाही.

माझे सासरे मंगळवेढा तालुक्यातले शेतकरी आहेत आणि सध्या आमच्याकडे राहायला आले आहेत. त्यांचे म्हणणे असे की गुरांना गोळी पेंड घालतात ती दुधासाठी, हिचे कसले दूध काढायचे आहे? त्यांनी गावाकडून कडब्याच्या चार पेंढ्या मागवल्या असून पेलेट बंद करून दोन दिवस उपाशी ठेवले की ती आपसूक कडब्याला तोंड लावेल, असे ते सांगतात. शिवाय दात झिजावेत म्हणून रोज दुपारी कडक भाकरीचा तुकडाही देतात, आणि तो मात्र ती आवडीने खाते.

मोठ्या झालेल्या, घरात राहणाऱ्या सशाला पेलेट मुळात लागतात का, लागत असतील तर किती, आणि बाहेरून मागवावे लागणारे महागडे टिमोथी गवत परवडत नसेल तर आपला ज्वारीचा कडबा चालतो का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

तीन ससे (विजापूर रोड)

ताई, तुमच्या सासऱ्यांचा दुधाचा प्रश्न मला फार नेमका वाटला, कारण पेलेटचा उगम तोच आहे. हे खाद्य प्रथम घरातल्या सशांसाठी तयार झालेले नाही. मांसासाठी किंवा लोकरीसाठी पाळलेले ससे लवकर वाढावेत, पिंजऱ्यात खाद्य वाया जाऊ नये आणि प्रत्येक घासात सारखेच पोषण जावे, या हिशेबाने ते बनले. काही आठवड्यांत वजन भरायच्या पिलासाठी जे सोयीचे, ते आठ-दहा वर्षे सोफ्याखाली लोळणाऱ्या सशासाठी जसेच्या तसे योग्य कसे असेल?

माझ्याकडे तीन ससे आहेत. पहिला सहा वर्षांपूर्वी आणला आणि त्यालाही मी दीड वर्ष वाटी भरूनच खायला घातले. त्याच्या दाढांना टोके आली, तोंडातून लाळ गळू लागली, आणि दर दोन-तीन महिन्यांनी भूल देऊन दाढा घासून घ्यायला पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, त्या आजही चालू आहेत. नंतरच्या दोघांना सुरुवातीपासून गवत मुख्य आणि पेलेट चमच्याने मोजून, असे ठेवले. त्यांच्या दातांना अजून कुणाला हात लावावा लागलेला नाही. दोन सशांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मला कळते. तरीही दिवसभराच्या खाण्यात चार-पंचमांश किंवा त्याहून जास्त वाटा वाळलेल्या वा ओल्या गवताचा असावा, उरलेल्यात पालेभाजी आणि थोडे पेलेट, हे प्रमाण मी आता सोडणार नाही.

एक गोष्ट आवर्जून पाहा. तुमच्या पिशवीत सगळ्या गोळ्या एकसारख्या आहेत, की मक्याचे दाणे, रंगीत तुकडे, वाटाणे असे मिश्रण आहे? मिश्रण असेल तर ते आजच बाजूला ठेवा. ससा त्यातले गोड आणि पिठूळ तेवढे वेचून खातो आणि तंतू असलेले तळाशी ठेवतो, आणि आपण रिकामी दिसणाऱ्या वाटीत पुन्हा भर घालतो.

वैरणवाला (मंगळवेढा)

मी ससे पाळत नाही. आमच्याकडे गाई आहेत आणि वैरणीचा थोडा व्यापार आहे, तेव्हा कडब्यापुरते बोलतो.

कडबा सगळा एक नसतो. आपल्या भागात रब्बीची मालदांडी ज्वारी होते, तिचा कडबा पानाला भरपूर आणि धाटाला गोड असतो, म्हणून जनावर तो आवडीने खाते. खरिपातल्या संकरित ज्वारीचा कडबा जाड धाटांचा आणि भरड असतो. सशासारख्या लहान तोंडाच्या प्राण्याला धाटाचा उपयोग चघळण्यापुरता, त्याचे खरे खाणे म्हणजे पान. म्हणून पेंढी सोडून पाने आणि वरचे बारीक शेंडे वेगळे काढावेत. कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, मात्र करू नये. गुरांसाठी आम्ही कुट्टी करतो कारण त्यात नासाडी कमी होते, पण वरच्या ताईंनी दातांचे जे सांगितले ते खरे असेल, तर सशाला लांब पान लांबच मिळायला हवे.

घेताना पेंढी मध्यभागी उकलून पाहावी. बाहेरून पिवळसर हिरवी दिसणारी पेंढी आत काळी निघते, कारण गंजीला अवकाळी पाऊस लागलेला असतो. मावा या किडीच्या चिकट्याने पानांवर काळा थर बसलेला असतो तोही कडबा नको. नाकाजवळ धरल्यावर कुबट वास आला किंवा झटकल्यावर धूळ उडाली, तर तो गाईलाही घालू नये, मग सशाची गोष्टच सोडा.

आणि एक सावधगिरी. कडबा वाळलेला, दाणे काढून झालेल्या पिकाचाच घ्यावा. ज्वारीचे कोवळे पोंगे, पाण्याचा ताण पडलेले लहान पीक किंवा कापणीनंतर बुडख्यातून फुटलेले फुटवे हिरवे असताना कोणत्याही जनावराला घालू नयेत. त्यात विष तयार होते, आम्ही त्याला किराळ लागणे म्हणतो, आणि धडधाकट बैल तासाभरात आडवा पडलेला मी पाहिला आहे. पीक पक्व होऊन नीट वाळले की ती भीती राहत नाही.

कडबा हे पोट भरायचे खाणे आहे, अंगी लागायचे नाही. म्हणूनच आम्ही गाईला नुसत्या कडब्यावर ठेवत नाही, सोबत लसूणघास (अल्फाल्फा हा हिरवा चारा) आणि पेंड देतो. सशाचे काय ते जाणकारांनी सांगावे.

गवतपंथी (होटगी रोड)

मी स्पष्टच लिहितो. पेलेट हा सशाचा आहार नसून माणसाच्या सोयीचा आहार आहे. माझ्याकडच्या दोन सशांनी चार वर्षांत पेलेटचा एक दाणाही खाल्लेला नाही. त्यांना मारवेल, हरळी, पावसाळ्यात बांधावरचे ओले गवत, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले गवत, आणि रोज मंडईतून आणलेला फ्लॉवरचा आणि मुळ्याचा पाला मिळतो. फ्लॉवरचा पाला तर भाजीवाले फेकूनच देतात. सकाळी पिशवी घेऊन गेले की फुकट मिळतो. दोघांची वजने दोन किलोच्या आसपास स्थिर आहेत, लेंड्या मोठ्या, कोरड्या आणि फिकट आहेत. रानातल्या सशाला कोण पेलेट घालते? ताईंनी पिशवी आजच उचलून ठेवावी. ससा हट्टी असतो, एक-दोन दिवस फुगून बसेल, मग खाईल.

निवृत्त पशुवैद्य

आयुष्याची बहुतेक नोकरी गाई-म्हशी आणि शेळ्यांमध्ये गेली. ससे माझ्याकडे उशिरा आले, पण आले ते बहुतेक अशाच तक्रारी घेऊन, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी तातडीची गोष्ट. कापशीला उपाशी ठेवू नये, एक दिवसही नाही. गाईच्या किंवा कुत्र्याच्या बाबतीत जे खपून जाते ते सशाच्या बाबतीत जिवावर बेतते. सशाचे आतडे सतत काहीतरी पुढे सरकत राहील अशाच बेताने घडलेले असते. ते थांबले की वायू धरतो, पोट दुखते, दुखते म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडे आणखी मंदावते. त्याला उलटीही होत नाही. त्यातही लठ्ठ सशाने खाणे सोडले की अंगातली चरबी यकृताकडे धाव घेते आणि यकृतच निकामी होऊ लागते. दहा-बारा तास सशाने काहीही खाल्ले नाही आणि लेंडी टाकली नाही, तर तो हट्ट समजू नये, आजार समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्री. गवतपंथी यांचा आहार उत्तम आहे, पण तो त्यांच्या सशांना पहिल्यापासून मिळाला आहे. दोन वर्षे पेलेटवर वाढलेल्या प्राण्याला तो एका रात्रीत देता येणार नाही. राहिला रानातल्या सशाचा दाखला. आपल्या माळावर दिसतो तो वेगळ्या जातीचा प्राणी आहे आणि घरात पाळला जातो तो मूळ युरोपातला, बिळे करणारा. उसाच्या फडात किंवा ज्वारीत सापडलेले रानसशाचे पिल्लू घरी आणणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. हे विषयाबाहेरचे असले तरी दर सुगीला कुणीतरी आणतेच, म्हणून लिहिले.

आता मऊ लेंडीविषयी. तो जुलाब नसावा. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला खाल्लेल्या अन्नाची चाळणी होते: लांब, न पचणारे तंतू पुढे ढकलले जाऊन त्यांच्या कोरड्या गोल लेंड्या होतात, तर बारीक कण आणि पाणी मागे वळवून आंधळ्या आतड्यात, म्हणजे एका बाजूने बंद असलेल्या पिशवीत, नेले जाते. तिथे जंतू ते आंबवतात, त्यातून ब आणि के जीवनसत्त्वे आणि प्रथिने तयार होतात, आणि त्याचे मऊ, चकचकीत घोस बाहेर येतात. ते ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळतो, त्यामुळे निरोगी सशाच्या घरात ते सहसा कुणाच्या नजरेस पडत नाहीत. पेलेटमधून पिष्ट आणि प्रथिने गरजेपेक्षा जास्त गेली की कापशीसारखीला त्या घोसांची भूक राहत नाही, शिवाय लठ्ठपणामुळे मान मागे वळत नाही, आणि ते तसेच चिकटून राहतात. हनुवटीखालची वळकटी माद्यांमध्ये नैसर्गिक असते, तिची काळजी नको, पण ती इतकी मोठी असेल की तोंड मागे पोहोचत नाही, तर तेही एक कारण धरा. मागची बाजू रोज कोमट पाण्याने पुसून कोरडी ठेवा. तिथे माशी बसून अळ्या पडल्या तर दोन दिवसांत प्राणी हातचा जातो.

मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्या मते असे आहे की निरोगी, प्रौढ सशाला पेलेट अपरिहार्य नाहीत, मात्र त्यांच्यावाचून भागवायचे तर गवत आणि पाला यांत वर्षभर विविधता हवी. श्री. गवतपंथी पहाटे मंडईत जातात, बांधावरून गवत कापतात, वाळवतात. हे सर्वांना जमत नाही. आणि आपल्या सोलापुरात फेब्रुवारीपासून मृगाच्या पावसापर्यंत हिरवे गवत दिसतच नाही. त्या काळात घरातला ससा महिनोन्‌महिने केवळ वाळलेल्या कडब्यावर राहिला, तर त्याला प्रथिने फार कमी मिळतात, आणि साठवणीत कडब्यातले अ जीवनसत्त्व बनवणारे द्रव्य उडून गेलेले असते. फ्लॅटमध्ये ऊन न लागणाऱ्या सशाला ड जीवनसत्त्वाचीही ओढ पडते. अशा घरी दोन चमचे चांगले पेलेट ही कडब्यातली उणीव भरून काढणारी पुरवणी ठरते. वैरणवाले दादांनी गाईच्या पेंडीचे जे सांगितले त्याच जातीचे हे आहे.

प्रमाणाबद्दल बोलायचे तर शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला २५ ग्रॅम ही वरची मर्यादा समजली जाते, आणि लठ्ठ प्राण्यात मी त्याच्या निम्म्यावर थांबतो. हिशेब सध्याच्या वजनावर करू नये, अपेक्षित वजनावर करावा. कापशीचे हाड पाहिल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही, पण तिने सव्वादोन किलोपर्यंत उतरावे असे धरले, तर २५ ते ३० ग्रॅम पुरे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजून कोणत्या वाटीत ते कुठवर येते याची खूण करून ठेवा, कारण 'मूठभर' म्हणजे प्रत्येकाची मूठ वेगळी.

पिशवीवरचे आकडेही वाचावेत. प्रौढ सशासाठी कच्चे तंतू किमान १८ टक्के आणि शक्यतो २० च्या वर, प्रथिने १२ ते १४ टक्के, स्निग्धांश तीनच्या आत आणि कॅल्शियम एक टक्क्याच्या आत असावे. लसूणघासावर बनवलेले पेलेट सहा महिन्यांखालच्या पिलांना, गाभण आणि पाजणाऱ्या मादीला योग्य आहेत. त्यांना मोजूनही देऊ नयेत, भरपूर द्यावेत. प्रौढांना मात्र ते नकोत. इतर प्राणी आतड्यातून गरजेपुरते कॅल्शियम शोषतात, ससा मिळेल तेवढे जवळजवळ सगळे शोषतो आणि उरलेले लघवीवाटे टाकतो, म्हणून त्याची लघवी खडूच्या पाण्यासारखी घट्ट होते आणि पुढे मूत्राशयात गाळ साचतो. लाल किंवा केशरी लघवी पाहून घाबरणारे पुष्कळ येतात, ती बहुधा खाण्यातल्या रंगद्रव्याची असते. पांढरा, चुन्यासारखा चिकट गाळ दिसला तर मात्र दाखवायला हवे. दुकानात कुणी कोंबडीखाद्य 'तेच आहे' म्हणून देऊ लागले तर घेऊ नका. त्यात रक्ती हगवण रोखायला मिसळलेली काही औषधे सशाला विषारी असतात.

कडक भाकरीबद्दल काकांना माझ्या वतीने नम्रपणे सांगावे. सशाचे सगळे, म्हणजे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. पण ते कडक वस्तू फोडून झिजत नाहीत. गवत खाताना ससा खालचा जबडा आडवा फिरवून जात्यासारखे दळतो, तासन्‌तास दळतो, आणि गवतातल्या वाळूसारख्या सिलिकामुळे दाढा समान झिजतात. भाकरी किंवा पेलेट तो वरून खाली दाबून चुरतो, दोन मिनिटांत संपवतो आणि दाढांच्या कडा तशाच राहतात. भाकरीचे पीठ आंधळ्या आतड्यातल्या जंतूंचा तोल बिघडवते ते वेगळेच. हाच नियम बिस्किटे, हुरडा आणि शेंगदाण्यांना. एडिंबरा विद्यापीठात सशांच्या गटांना १७ महिने वेगवेगळ्या आहारांवर ठेवून पाहिले गेले होते. नुसत्या मिश्र दाणाखाद्यावरच्या सशांचे दात सर्वाधिक बिघडले, आणि नुसत्या गवतावरचे ससे चांगले राहिले. म्हणजे श्री. गवतपंथी यांच्या बाजूनेही पुरावा आहे, हे मान्य करायला हवे.

गवतपंथी (होटगी रोड)

डॉक्टरसाहेब, उपाशी ठेवण्याबद्दलचे माझे विधान मागे घेतो, यकृताची बाजू मला ठाऊक नव्हती. बाकी मतावर ठाम आहे. पेलेट दोन चमचे म्हणून घरात येतात आणि वाटीभर होऊन राहतात, कारण ससा पिशवीचा आवाज ओळखतो आणि घरातली प्रत्येक व्यक्ती त्याला आपापले दोन चमचे देते.

कापशीची आई (जुळे सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. पिशवी पाहिली: गोळ्या एकसारख्या आहेत, पण कच्चे तंतू १२ टक्के आणि प्रथिने १७ टक्के, आणि घटकांत पहिले नाव लसूणघासाचे व दुसरे मक्याचे. म्हणजे आम्ही प्रौढ सशाला पिलाचे खाद्य दोन वर्षे घालत होतो. काट्यावर मोजले तर ती दिवसाला सुमारे १४० ग्रॅम खाते. आमच्या घरातही चौघे जण वाटी भरतात, हे गवतपंथी यांनी बरोबर ओळखले.

आता दोन शंका आहेत. १४० वरून ३० वर किती दिवसांत यावे? आणि ज्या प्राण्याने आजवर गवताला तोंडच लावले नाही, त्याने कडब्याचे पान खावे यासाठी काही युक्ती आहे का?

निवृत्त पशुवैद्य

आठवड्याला २०-२५ ग्रॅम उतरवा, म्हणजे पाच-सहा आठवडे लागतील. घाई नको. दर रविवारी त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन घ्या. आठवड्याला ३०-४० ग्रॅम उतरणे ठीक, त्याहून बरेच जास्त उतरू लागले तर मात्रा तिथेच थांबवा. जास्त तंतूंची दुसरी पिशवी आणली तर जुनी एकदम बंद करू नका, मिसळून बदला. पेलेट दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी द्यावेत आणि मधल्या वेळात समोर फक्त गवत असावे. लेंड्यांचा आकार रोज पाहा. लहान, काळ्या किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या लेंड्या दिसू लागल्या तर ती पुरेसे खात नाही असे समजावे.

पालेभाजी आतापर्यंत दिलेली नसेल तर तीही हळूहळू, एका वेळी एकच. कोथिंबीर, शेपू, मेथी, मुळ्याचा पाला चालतो, पालक क्वचित, चुका नको, कांदा-लसूण कधीच नको. फवारणीचा विचार करून पाला भिजवून, धुऊन, निथळून द्यावा.

तीन ससे (विजापूर रोड)

युक्तीचे मी सांगते, कारण माझा थोरला असाच हटून बसला होता. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, ही त्याची सवय वापरा. तिच्या मातीच्या कोपऱ्यात, म्हणजे जिथे ती घाण करते त्या ट्रेच्या एका टोकाला, कडब्याची पाने उभी खोचून ठेवा. जमिनीवर पसरले की ती त्याला अंथरूण समजते. पाने कोथिंबिरीच्या जुडीबरोबर तासभर गुंडाळून ठेवली की वास लागतो. मोजलेले पेलेट वाटीत न देता गवतात विखरून द्या, म्हणजे शोधताना दोन काड्या तोंडात जातात. पुठ्ठ्याच्या नळीत गवत कोंबून तिच्यात चार गोळ्या लपवणे हा माझ्या पुतण्याचा शोध, आणि तो सर्वांत यशस्वी ठरला. एका जातीचे गवत नाकारले तर दुसरे देऊन पाहा, सशांनाही आवडनिवड असते.

वैरणवाला (मंगळवेढा)

कडबा नाहीच खाल्ला तर मारवेलाचे वाळलेले गवत बघा, ते मऊ असते. दूधवाल्यांना विचारले तर एखादी पेंढी सहज मिळते. माळावरचे कुसळी गवत मात्र फुलावर आल्यानंतर आणू नये, त्याची कुसळे मेंढीच्या कातडीत शिरतात, सशाच्या तोंडात आणि डोळ्यात तर शिरतीलच. नान्नजकडच्या माळावर गवत चांगले दिसते म्हणून कुणी गाडी थांबवून कापू लागतात. तो माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा भाग आहे, तिथे हात लावू नये.

निवृत्त पशुवैद्य

एक राहिले. पुढे मार्च येतो आहे. सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता टाकतो, आणि हवा तिशीच्या वर गेली की त्याला जड जाते. आपल्याकडे तर पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत त्याची भूक मंदावते. पेलेट आणि कडबा दोन्ही कोरडे असतात, त्यामुळे उन्हाळ्यात ओला पाला निथळता द्यावा, पाणी नळीच्या बाटलीऐवजी जड मातीच्या वाडग्यात ठेवावे, कारण वाडग्यातून ससा जास्त पाणी पितो, आणि मुख्य खाणे पहाटे व रात्री द्यावे. दुपारी गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. पेलेटची पिशवी पत्र्याखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका, उष्णतेने त्यातली जीवनसत्त्वे जातात आणि तेल खवट होते. पावसाळ्यात तीच पिशवी दमट होऊन बुरशी धरते. महिन्याभरात संपेल एवढीच आणावी. तीस ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला एक किलोही लागत नाही.

कापशीची आई (जुळे सोलापूर), नऊ आठवड्यांनंतर

कळवायचे राहून गेले होते. पेलेट आता ३० ग्रॅमवर आहेत, २२ टक्के तंतूंचे, सकाळी आणि रात्री निम्मे-निम्मे. चौथ्या आठवड्यात तिने दीड दिवस वाटीकडे पाठ फिरवून रुसवा धरला होता, पण कोथिंबीर खात होती आणि लेंड्या टाकत होती, म्हणून डॉक्टरसाहेबांचे वाक्य आठवून मात्रा आठवडाभर तिथेच थांबवली. कडब्याचे पान तिने पहिल्यांदा तोंडात घेतले ते पुठ्ठ्याच्या नळीतून. आता ती पाने सोलून खाते आणि धाट चघळून टाकते. मारवेल त्याहून जास्त आवडते असे दिसते. वजन २ किलो ५२० ग्रॅम आहे. मागची बाजू तीन आठवड्यांपासून कोरडी आहे.

दाढा तपासून घेतल्या. एका बाजूला लहान टोके आहेत, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू असे सांगितले आहे. वाटी भरायचे काम एकट्या लेकीकडे दिले असून तिने भिंतीवर तक्ता लावला आहे. सासरे परत गावी गेले. जाताना त्यांनी उरलेली कडक भाकरी स्वतःच आमटीत चुरून संपवली आणि पुढच्या खेपेला मालदांडीच्या निव्वळ पानांचे एक पोते आणतो म्हणाले.